नमनाला घडाभर ट्युटोरियल

गेम तुमचा तयार आहे. डोंगर झाले, तलवारी झाल्या, नायकाच्या दाढीचा केस न् केस वाऱ्यावर हलतोय. आता राहिलं एवढंच, की जन्मात कंट्रोलर हातात न धरलेल्या माणसाला तो खेळायला शिकवायचा, म्हणजे ट्युटोरियल लिहायचं. हे काम रिलीजच्या आदल्या आठवड्यात काढा आणि ऑफिसात ज्याची झोप सगळ्यात कमी झालीय त्याच्या गळ्यात घाला. आधी काढलंत तर सुधारायला वेळ उरतो, मग लोक सुधारणा सुचवतात. नसता ताप.

सुरुवात खेळाने करू नका. आधी लोगो, मग अटी मान्य, मग खातं उघडा, मग ओटीपी. त्यानंतर एक काळं चित्र आणि त्यावर हुकूम: ‘चिन्ह जेमतेम दिसेल इतकाच ब्राइटनेस ठेवा.’ जेमतेम म्हणजे किती, यावर घरात दोन तट पडले की समजा, माणसं गेममध्ये रंगली.

मग नायक. हा वीस वर्षं लढाया मारलेला सेनापती असावा. त्याचं नाव काढलं की राक्षसिणींची पोरं रडायची थांबतात. अशा माणसाला एका शिपायाने सांगावं, ‘वर बघ. शाबास. आता खाली बघ.’ सेनापतीची मान दोन्हीकडे वळते अशी खात्री पटल्याशिवाय दार उघडू नका. चालणं, पळणं, वाकणं, प्रत्येकासाठी खेळ थांबवून पडद्याच्या मधोमध पाटी लावा.

पाटीवर भाषा मात्र आपल्या गोटातली हवी. परवा मी आईच्या हातात कंट्रोलर दिला. पडद्यावर इंग्रजीत हुकूम आला: पळण्यासाठी एल थ्री दाबा. आईने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि कंट्रोलर उलटापालटा करून पाहिला, वांगं घेताना कीड बघतात तसा. एल वन सापडलं. एल टू सापडलं. दोन्हींवर नावं छापलेली. एल थ्री काही सापडेना. सापडणार कसं? एल थ्री म्हणजे डावी स्टिकच, ती आत दाबायची, आणि तिच्यावर तसं कुठे लिहिलेलं नसतं. मी म्हटलं, “अगं, डावी दांडी दाब.” तिने दांडी पुढे दाबली. सेनापती चालत जाऊन भिंतीला भिडला.

“दाबली की!”

“पुढे नाही गं, आत.”

“आत म्हणजे कुठे?”

सेनापती भिंतीला नाक लावून जागच्या जागी पाय मारत होता. इतकं यश एका पाटीत मिळत असेल, तर चांगल्या चाळीस पाट्या लिहा.

माणसाला समजलं की नाही हे विचारायलाही विसरू नका. १९९८ च्या ‘झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’मधलं घुबड यात आपलं गुरुस्थान. ते लांबलचक भाषण देतं, शेवटी कळलं का म्हणून विचारतं, आणि तुम्ही कंटाळून धडाधड बटण दाबत आलेले असलात की त्याच ओघात ‘पुन्हा सांगा’ला होकार जातो. घुबड पहिल्यापासून सुरू. सत्यनारायणाच्या पोथीला बसलेल्यांना तरी शेवटी शिरा मिळतो.

पाट्यांचा कंटाळा आला, तर दुसरं टोक गाठा. १९९९ साली प्लेस्टेशनवर ‘ड्रायव्हर’ आला. त्याच्या मुख्य कथेचं दार म्हणजे एक पार्किंग गॅरेज. तिथे ६० सेकंदांत खांबांमधून नागमोडी गाडी काढायची, हँडब्रेक मारायचा, गाडी १८० अंशांत फिरवायची, ३६० अंशांत फिरवायची, वर आणखीही काही. कामांची यादी हातात. कसं करायचं हे ज्याचं त्याने बघावं. पुढे अख्खी शहरं बांधून ठेवलेली होती. कित्येकांनी ती पाहिलीच नाहीत, गॅरेजचे खांब मात्र त्यांना आजही आठवतात. आरटीओत आठ काढायला लावतात ते यापुढे काहीच नाही.

वाईट उदाहरणंही माहीत हवीत. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घ्या. शिगेरु मियामोतोंनी पहिल्या स्टेजमध्ये एक ओळसुद्धा लिहिली नाही, केवढा हा आळस! मारिओ डावीकडे उभा, तोंड उजवीकडे, उजवीकडे जागा मोकळी. माणूस आपला उजवीकडे निघतो. समोरून भुवया चढवलेलं तपकिरी ध्यान येतं. धडकलात, मेलात. पण खेळ सुरू होऊन काही सेकंदच झालेले, म्हणून गमावलं काहीच नाही. दुसऱ्या खेपेला हात आपोआप उडीच्या बटणावर जातो. उडी जराशी चुकली तर डोकं वरच्या ठोकळ्यावर आपटतं आणि नाणं निघतं. पुढच्या ठोकळ्यातून मशरूम निघतो, उजवीकडे जातो, पाइपला थडकून तुमच्याच अंगावर परत येतो. घाबरून पळावं, तर खाऊन मोठेच होता. शिकवलं कोणी? कोणीच नाही. आमच्याकडे नव्वदच्या दशकात पिवळ्या कॅसेटी यायच्या, सोबत कसला कागद नाही. सूचना एकच, तीही शेजारच्या दादाची: चालली नाही तर फुंकर मार. सगळी गल्ली मारिओ खेळायला शिकली, आणि यात ट्युटोरियल लिहिणाऱ्याचं नाव कुठेही नाही. अशाने आपल्या नोकऱ्या जातील.

२००७ च्या ‘पोर्टल’ने तर विश्वासघातच केला. तिथे भिंतीतल्या एका दारातून शिरायचं आणि दुसऱ्यातून निघायचं. आधी ही दारं आयती उघडतात. मग बंदूक मिळते, पण एकच दार उघडणारी. दुसरं दार तुमच्या हाती येतं ते बऱ्याच खोल्या ओलांडल्यावर. निम्मा गेम ते शिकवतच असतात आणि आपल्याला वाटतं, आपण खेळतोय.

मोबाइलवर गेम काढणार असाल, तर हे सगळं विसरा. तिथे पडदा काळवंडून टाका, एकच बटण उजळ ठेवा आणि त्यावर नाचणारं बोट सोडा. दुसरीकडे कुठेही टेकवलं तरी काही होता कामा नये. झोपडी बांधून व्हायला आठ सेकंद उरले असताना तेवढे वाचवायला बोटाने ‘हिरे खर्च करा’कडे न्यावं. पहिले हिरे फुकट द्या. कडेवरच्या पोराला वाण्याकडून मिळालेल्या पहिल्या गोळीसारखे.

आणि एक पथ्य: नवख्या माणसाला खेळताना कधी बघू नका. बघायची वेळ आलीच तर मागे उभं राहून ‘ते नाही, ते दुसरं’ म्हणत राहा. गप्प बसलात तर त्याला नेमकं कुठे अडतंय ते तुम्हाला दिसेल, आणि मग पुन्हा काम.

मी अजून आईच्या मागेच उभा आहे. सेनापती भिंतीपाशी. “दाब ना,” मी म्हणतो. ती म्हणते, “दाबतेच आहे रे.”