मुंबई–लंडन साडेआठ तासांचं नाही

मुंबई ते लंडन किती तास? नेटवर विचारलं की लगेच उत्तर मिळतं: सुमारे ७,२०० किलोमीटर, साडेआठ तास. कृपा करून या आकड्यावर विसंबून पुढचं विमान बुक करू नका. आईवडिलांसाठी तर नकोच.

हे अंतर पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं. त्याला ताशी ८५० ने भागलं की साडेआठ येतात. पण त्या रेषेवरून आज जातं कोण? ती पाकिस्तान, इराण ओलांडून युक्रेनवर जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांची वाट अडवली. मुंबईचं त्यातल्या त्यात बरं, समोर अरबी समुद्र मोकळा आहे. दिल्लीहून निघणाऱ्यांना वळसा जास्त पडतो. आखातातून विमान बदलून जाणाऱ्यांनाही खात्री नाही. जून २०२५ मध्ये कतारने काही तास आकाश बंद केलं, तेव्हा दोह्यात किती लोक ताटकळले ते आपण पाहिलंच.

शिवाय वारा. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीमागून. म्हणून जायला साडेनऊ-दहा तास आणि परतताना नऊच्या आसपास. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, हे आपल्याकडे अजून सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

हे सगळं पोटतिडकीने लिहितोय, कारण आमच्या शेजारच्या काकू एडिंबरोला मुलीकडे निघाल्या होत्या. लंडनपर्यंत एक तिकीट, पुढचं वेगळं, मध्ये दोन तास. कागदावर पुरेसे वाटतात. काकूंना व्हीलचेअर सांगितलेली. व्हीलचेअरवाल्यांना विमानात आधी चढवतात, पण उतरवतात सगळ्यात शेवटी. सगळं विमान रिकामं झालं तरी काकू मांडीवर पर्स घट्ट धरून सीटवरच. मग इमिग्रेशनची रांग, मग बॅगा, कारण तिकिटं वेगळी म्हणजे सामानही स्वतःच घ्यायचं आणि पुन्हा द्यायचं. पुढचं विमान गेलं. ती तिकिटं एकमेकांना जोडलेलीच नव्हती, त्यामुळे जबाबदारी कुणाचीच नाही. नवं तिकीट त्या वेळच्या भावाने घ्यावं लागलं. सत्तरी ओलांडलेली बाई, फोनला तिथलं सिम नाही, आणि इकडे मुलगी एडिंबरोच्या विमानतळावर उभी.

तेव्हा बाहेरगावी राहणाऱ्या मुलामुलींनो, चार पैसे वाचवायला तिकिटं तोडू नका. सगळा प्रवास एकाच बुकिंगवर घ्या; पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. मध्ये किमान चार तास ठेवा, व्हीलचेअर असेल तर त्याहून जास्त. तिथे बसून कंटाळा येईल, येऊ दे. आणि नेटवरचं गणित सोडून त्याच विमानाचा नंबर टाकून गेल्या आठवडाभरात ते खरंच किती वाजता उतरलंय ते बघा. फ्लाइट ट्रॅकिंगच्या ॲपवर फुकट दिसतं.