अभ्र्यानंतर परकर, मग ब्लाऊज

शिवणाची सुरुवात उशीच्या अभ्र्यापासून करा, हे शिवण शिकणाऱ्यांसाठीच्या तुमच्या लेखातलं म्हणणं अगदी पटलं. सरळ शिवणीवर हात बसतो. पण त्यानंतर एकदम ब्लाऊजकडे वळायला सांगितलंय, तिथे माझं मत वेगळं आहे. मधे सहा कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा सहा तुकड्यांचा, परकर शिवावाच. कळीची तिरकी बाजू शिवताना कापड ताणलं जातं, तेव्हा उभा धागा आणि आडवा धागा यांतला फरक बोटांना कळतो. मग साधी कुर्ती.

ब्लाऊजमध्ये खरी कसोटी मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या काखेभोवतीच्या गोलाईची. टक्स, म्हणजे आकारासाठी घातलेले चिमटे, सरावाने जमतात, पण पुढचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा खोल कापावा लागतो. दोन्ही सारखेच कापले की काखेजवळ चुण्या पडतात, आणि दोष मात्र मापाला दिला जातो! म्हणून आधी मांजरपाटावर, म्हणजे साध्या स्वस्त सुती कापडावर, बेतावं, कच्च्या टाक्यांनी जोडून अंगावर घालून पाहावं. खणाला कात्री त्यानंतर.

सुती अस्तर बेतण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि वरच्या कापडाला झोळ येतो. गळ्याची उरेब, म्हणजे तिरकी, पट्टी कापडाच्या धाग्याला ४५ अंशांतच कापा, गोलाईवर ती छान वळते. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई चालते, तलम कापडाला ११.

स्वतः बेतलेलं कापड अंगावर नीट बसतं तेव्हाचा आनंद फार मोठा असतो. बाहीच्या कटिंगवरही असंच सविस्तर लिहा, विशेषतः फुग्याच्या बाहीवर.