पपई पॉझिटिव्ह आली, मग?

टांझानियाच्या पपईचं फॉरवर्ड पुन्हा फिरू लागलंय. या वेळी ते मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर अवतरलं आणि दोन-चार जणींनी हातही जोडले. मजकूर असा: टांझानियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी पपई आणि शेळीचे नमुने गुपचूप तपासायला पाठवले, ते पॉझिटिव्ह आले, म्हणजे कोरोनाची आरटी-पीसीआर चाचणी थोतांड. पीसीआर शोधणाराच तसं म्हणाला होता. मागुफुलींनी तपासण्या थांबवल्या आणि कोरोना संपला. म्हणून त्यांना मारलं.

आधी पपई. प्रसंग घडलेला आहे. ३ मे २०२० रोजी मागुफुलींनी भाषणात सांगितलं, की माणसांची नावं आणि वयं लावून हे नमुने राष्ट्रीय प्रयोगशाळेत धाडले होते. पपई आणि शेळी पॉझिटिव्ह, फणस अनिर्णित, गाडीचं ऑइल निगेटिव्ह. कल्पना वाईट नव्हती, हे नाइलाजाने का होईना मान्य करायला हवं. माणूस रसायनशास्त्रातला पीएचडी, प्रबंध काजूच्या टरफलातल्या तेलावर. प्रयोगशाळेला न सांगता मध्येच कोरा, म्हणजे विषाणू नसलेला, नमुना घुसवणं ही तपासनिसांची जुनी, चांगली रीत आहे. पण कोरा नमुना पॉझिटिव्ह आला तर निष्कर्ष एकच निघतो: नमुना घेण्यापासून अहवाल लिहिण्यापर्यंत कुठेतरी घाण झाली किंवा अदलाबदल झाली.

ती कशी होते? पीसीआरमध्ये विषाणूच्या जनुकाचा तुकडा दर फेरीला दुप्पट होतो. चाळीस फेऱ्यांत एका तुकड्याचे कागदोपत्री एक लाख कोटींहून जास्त होतात. अशी एखादी नळी चुकून उघडली, की न दिसणारे तुषार टेबलावर, पिपेटवर (द्रव मोजून उचलायच्या नळीवर), हातमोज्यांवर बसतात आणि पुढच्या नमुन्यात उतरतात. गिरणीत मिरचीमागोमाग गहू दळले तर पीठ तिखट लागतं, म्हणून कोणी गव्हाला मिरची म्हणत नाही. यासाठीच मिश्रण बनवण्याची खोली वेगळी, नमुन्यातून आरएनए (विषाणूचं जनुकद्रव्य) काढण्याची वेगळी, यंत्राची वेगळी. काम एकाच दिशेने चालतं, पिपेटला फिल्टरवाली टोकं लावतात, टेबल ब्लीचने पुसतात. प्रत्येक खेपेत एका नळीत नमुन्याऐवजी नुसतं पाणी घालतात. पाणी पॉझिटिव्ह आलं की अख्खी खेप रद्द.

गंमत म्हणजे पपईच्या गरातली पॉलिसॅकराइड्स (पेक्टिनसारखे चिकट पदार्थ) पीसीआरला अडथळा करतात. म्हणजे पपईमुळे चाचणी बिघडलीच तर ती निगेटिव्हकडे झुकेल, पॉझिटिव्हकडे नव्हे. आणि ऑइल? ज्या किटमध्ये माणसाचं जनुकही सोबत तपासतात (आरनेज-पी), तिथे ऑइलमध्ये ते जनुक सापडणारच नाही, म्हणून अहवाल 'निगेटिव्ह' नाही, 'अवैध' यायला हवा.

घाण झाल्याचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेकडे बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये खुद्द सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, राज्यांना पाठवलेल्या किटमध्ये पाण्याच्या नळ्या पॉझिटिव्ह येऊ लागल्या. सीडीसीच्याच शास्त्रज्ञांनी पुढे छापलं, की एका घटकात प्रयोगशाळेतली घाण मिसळली होती आणि दुसऱ्याची रचनाच सदोष होती. दोष सापडला तो पाण्याच्या नळीमुळे, काही दिवसांत. किट दुरुस्त केले, तपासणी चालू राहिली.

टांझानियात काय झालं? तेच नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवून, प्रत्येकाची सीटी किंमत (कितव्या फेरीला विषाणू दिसला तो आकडा) जाहीर करून भांडण मिटवता आलं असतं. त्याऐवजी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना निलंबित केलं. आफ्रिका खंडाच्या रोगनियंत्रण संस्थेचे (आफ्रिका सीडीसी) तेव्हाचे प्रमुख जॉन एन्केंगासाँग यांनी त्याच आठवड्यात सांगितलं, की किट तपासून घेतलेले आहेत आणि तेच इतर देशांत वापरले जाताहेत.

आता सगळ्यात घातक वाक्य: 'तपासण्या थांबवल्या आणि कोरोना संपला.' संपले ते आकडे. पहिला रुग्ण १६ मार्च २०२० रोजी अरुशामध्ये जाहीर झाला. मेच्या सुरुवातीला आकडा ५०९ रुग्ण आणि २१ मृत्यूंवर आला आणि तिथेच गोठला. विषाणू मात्र ट्रकमधून सीमा ओलांडत होता. मे महिन्यात झांबियात एका दिवशी ८५ नवे रुग्ण निघाले, त्यांतले ७६ एकट्या नाकोंडेत, म्हणजे टांझानियाच्या सीमेवरच्या गावात. झांबियाने ती सीमा काही दिवस बंद केली. केनियानेही मालवाहतूक वगळता टांझानियाची सीमा बंद केली आणि ट्रकचालकांना चाचणी सक्तीची केली. जूनमध्ये मागुफुलींनी देश कोरोनामुक्त घोषित केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये टांझानियातल्याच झांझिबार बेटांचे प्रथम उपराष्ट्राध्यक्ष सैफ शरीफ हमाद गेले. त्यांना कोरोना झाल्याचं त्यांच्या पक्षाने आधीच जाहीर केलं होतं.

पीसीआरच्या शोधकर्त्याचं म्हणाल तर कॅरी मलिस ऑगस्ट २०१९ मध्येच वारले, या विषाणूचं नाव निघण्याआधी. त्यांची फिरवली जाणारी वाक्यं एचआयव्हीच्या वादातली आहेत. त्यात अर्धं सत्य इतकंच, की पॉझिटिव्ह म्हणजे आजारी किंवा संसर्ग पसरवणाराच असं नाही. बऱ्या झालेल्या माणसाच्या नाकात विषाणूचे मेलेले तुकडे काही आठवडे सापडू शकतात.

'मारलं' याला पुरावा शून्य. १७ मार्च २०२१ रोजी मागुफुली गेले, सरकारने कारण हृदयविकाराचं दिलं. त्यांच्या जागी आलेल्या सामिया सुलुहू हसन यांनी तज्ज्ञांची समिती नेमली आणि जुलैमध्ये कॅमेऱ्यासमोर स्वतः लस टोचून घेतली. फॉरवर्ड तिथवर पोचतच नाही.