‘अर्थिंगची वायर बॉक्सला कुठेही आवळा’ – असं करू नका

घर बांधणाऱ्यांच्या आणि वायरमन मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. खड्डा घेतला, मीठ-कोळसा भरला की अर्थिंग झालं. वर येणारी वायर बॉक्सच्या (एमसीबी बसवलेल्या डब्याच्या) पत्र्याला कुठेही बोल्टने आवळा. लोखंडी पाइपातून आणली तर दुप्पट सुरक्षित. आत न्यूट्रलला (करंट परत नेणाऱ्या वायरीला) जोडून टाका. आणि एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा, म्हणजे वीज तोडणारा स्विच) असताना आरसीसीबीवर (करंटची गळती झाली की पडणाऱ्या स्विचवर) पैसे घालवू नका. मी रोज पॅनेलची कामं करतो. मीठ-कोळशाचं सोडलं तर यातला एकेक सल्ला जिवावर बेतणारा आहे.

‘कुठेही आवळा’पासून सुरुवात करतो. गेल्या पावसाळ्यात कोकणातल्या एका बंगल्यात फ्रिजला हात लावला की मुंग्या येत होत्या. खड्डा नवा, वायर जाड, बोल्टही घट्ट. मीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) लावला, एक टोक वायरीला, दुसरं बॉक्सच्या बॉडीला. बीप नाही. बोल्ट काढला तर वॉशरखाली पावडर कोटिंग जसंच्या तसं. तो रंग वीज वाहून नेत नाही. कानशीने जागा घासून पत्रा उघडा केला, स्टार वॉशर टाकला, कथील चढवलेला लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून आवळला आणि बीप आला. तरीही मी एवढ्यावर थांबत नाही. खड्ड्यातून आलेली वायर आधी आतल्या अर्थ बारवर (सगळ्या अर्थ वायरी जिथे जोडतात त्या पट्टीवर) जायला हवी आणि तिथून बॉडीला, दाराला वेगळी जोडणी. बॉक्समध्ये वायर शक्यतो खालून घ्या, भोकाला ग्लँड (वायर घट्ट धरणारं बूच) किंवा रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रिंग) बसवा. वरून आणली तर पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत थेट एमसीबीवर येतं, आणि ग्रोमेट नसेल तर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते.

लोखंडी पाइपाचं प्रकरण जास्त फसवं आहे, कारण हेतू चांगला असतो. कुदळीचा घाव बसू नये, गुरांनी ओढू नये म्हणून संरक्षण हवंच. पण एकटी वायर लोखंडी पाइपातून गेली की तिच्यातल्या करंटमुळे पाइपात चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि तो चोकसारखा (करंटच्या बदलाला विरोध करणाऱ्या कॉइलसारखा) वाट अडवतो. वीज पडते तेव्हा करंट मायक्रोसेकंदांत चढतो, त्या क्षणी हा अडथळा सगळ्यात मोठा असतो. म्हणून पीव्हीसी पाइप वापरा. लोखंडीच हवा असेल तर वरच्या आणि खालच्या, दोन्ही तोंडांना क्लँप लावून पाइप त्या वायरीलाच जोडा. एकाच टोकाला जोडून भागत नाही.

न्यूट्रल जोडायची कल्पना अमेरिकन व्हिडिओंवरून आलेली दिसते. तिथे मेन स्विचपाशी न्यूट्रल आणि अर्थ जोडतात, ती त्यांची पद्धत आहे. आपल्याकडे न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेला असतो आणि घराचा खड्डा सहसा वेगळा. घरात दोन्ही जोडले आणि खांबावरचा न्यूट्रल तुटला, तर सगळा परतीचा करंट तुमच्या खड्ड्यावर येतो. दोन किलोवॅटचा गीझर चालू आहे आणि खड्ड्याचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) उन्हाळ्यात वाळून 50 ओहमवर गेलाय असं धरा: फ्रिजच्या दारावर सुमारे 150 व्होल्ट येतील. शिवाय ही जोडणी आरसीसीबीच्या पुढे, म्हणजे घरातल्या उपकरणांच्या बाजूला केली असेल तर तो सारखा पडतो, आणि वैतागून लोक तोच बायपास करतात.

आता एमसीबी. फेजची (करंट आणणारी) वायर फ्रिजच्या बॉडीला टेकली असं धरा. खड्डा 5 ओहमचा, म्हणजे चांगला. ट्रान्सफॉर्मरचं अर्थिंग शून्य ओहम धरलं तरी 230 भागिले 5, म्हणजे 46 अँपिअर. सी-कर्व्ह प्रकारच्या (रेटिंगच्या पाच ते दहा पट करंटवर ताबडतोब पडणाऱ्या) 32 अँपिअर एमसीबीला ताबडतोब पडायला किमान 160 अँपिअर लागतात. 46 अँपिअरवर तो तासाभरातही पडेलच असं नाही आणि तोवर बॉडी जिवंत. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढ्या गळतीवर डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडतो. इथे काटकसर करू नका.

मिठाने मातीचा रेझिस्टन्स उतरतो हे खरं, पण ते पावसात वाहून जातं आणि जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खातं. दरवर्षी खड्डा मोजा.

आणि आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला, म्हणजे अर्थिंग ठीक, असंही समजू नका. ते बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्ये गळती निर्माण करतं. अर्थची वायर मुळात जोडलेलीच नसली तरी आरसीसीबी पडेल. अर्थिंगसाठी खड्ड्याला अर्थ टेस्टर (खड्ड्याचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) आणि बॉक्सपर्यंत मीटर, दोन्ही लावावं लागतं.