नसबंदीनंतर कुत्रीला दुखते, आणि ते कमी करणे आपल्या हातात असते

आमच्या नाशिकच्या गंगापूर रोड परिसरात घरच्या कुत्रीची नसबंदी करावी की नाही, यावर आता फारसा वाद होत नाही. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो, पहिल्या एक-दोन माजांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर स्तनांतील गाठींचा धोका बराच कमी होतो, नको असलेली पिल्ले होत नाहीत, हे बहुतेकांना पटलेले आहे. शस्त्रक्रियेनंतर त्या जिवाला दुखते, एवढी साधी गोष्ट मात्र अजून पटलेली नाही. "मुकं जनावर आहे, सहन करतं" किंवा "आमची तर दुसऱ्याच दिवशी गच्चीवर पळत होती" ही वाक्ये मी चांगल्या, प्रेमळ घरांतून इतक्या वेळा ऐकली आहेत की त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

मादीची नसबंदी ही पोट उघडून केलेली मोठी शस्त्रक्रिया असते. बीजांडकोश मूत्रपिंडांच्या जवळ, बरेच वर आणि घट्ट बंधाने बांधलेले असतात. ते बाहेर घेण्यासाठी तो बंध ताणून सैल करावा लागतो आणि सगळ्या शस्त्रक्रियेत हाच भाग सर्वांत वेदनादायक मानला जातो. त्यानंतर बहुधा गर्भाशयही काढतात आणि पोटाची भिंत, त्वचेखालचा थर व त्वचा असे थराथराने टाके घालतात. घरातल्या बाईचे गर्भाशय काढले तर आपण तिला महिनाभर पाण्याची कळशी उचलू देत नाही; कुत्रीच्या बाबतीत मात्र बोटभर लांबीची जखम पाहून आपण निश्चिंत होतो.

कुत्री दुखणे सांगत नाही हे खरे, पण ते दिसत असते. पाठीला बाक काढून उभे राहणे, विश्रांतीत असतानाही धापा टाकणे, वारंवार ओठ चाटणे, पोटाजवळ हात नेताच अंग आखडून घेणे, कोपऱ्यात तोंड करून बसणे ही तिची भाषा आहे. आमची सोनी शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या रात्री भिंतीला टेकून बसली होती आणि आईला ती शांत बसलेली वाटत होती. प्रत्यक्षात ती बसल्या बसल्या झोपेने डुलत होती, कारण कुशीवर आडवे होणे तिला नको होते. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी वेदनाशामक औषध बदलून दिले, आणि त्यानंतर ती चारी पाय पसरून झोपली. शेपूट हलते म्हणजे दुखत नाही, असे समजू नये. तीव्र वेदनेतही कुत्री आपल्या माणसाला पाहून शेपूट हलवू शकते.

म्हणून घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, की वेदनेसाठी काय दिले आहे, त्याचा परिणाम किती तास राहील आणि पुढची मात्रा केव्हा द्यायची. मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखी औषधे वजनानुसार, पोटात काही गेल्यावर आणि सांगितले तितकेच दिवस द्यायची असतात. ती बरी दिसते म्हणून मधेच बंद करू नयेत. आपल्या घरातील गोळी तर कधीच देऊ नये. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, पॅरासिटामॉलने यकृताला इजा होते, आणि "अर्धीच दिली" या म्हणण्याला काही अर्थ नसतो.

पहिली रात्र बहुतांशी भुलीची असते. ती अडखळत चालेल, कण्हेल, एखादी उलटी करेल, श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे दिवसभर थोडी खोकेलही. याने घाबरून जाऊ नये. काळजी घ्यायची ती थंडीची. भुलीमुळे शरीराचे तापमान उतरते, पोटावरचे केस काढलेले असतात, आणि आपल्या नाशिकला जानेवारीत पारा सहज दहा अंशांखाली जातो. अशा वेळी उघड्या फरशीवर तिला निजवणे फार वाईट. जाड गोधडी खाली, हलकी चादर वर आणि वाऱ्यापासून दूर असलेली खोली एवढे पुरते. गरम पाण्याची पिशवी ठेवलीच तर ती टॉवेलात गुंडाळून ठेवावी, कारण गुंगीतल्या कुत्रीला चटका बसला तरी बाजूला सरकता येत नाही. पाणी थोडे थोडे द्यावे. रात्री नेहमीच्या निम्म्याहून कमी जेवण द्यावे, आणि तेही मीठ, कांदा, लसूण न घातलेला मऊ भात आणि उकडलेले चिकन असे साधे. अशक्तपणा आला म्हणून दूध, तूप, मटणाचा रस्सा देण्याचा मोह आवरावा. दोन-तीन दिवस शौच झाली नाही तरी बहुधा चिंता नसते, कारण शस्त्रक्रियेपूर्वी ती उपाशी होती.

आता गळ्यातल्या कोनाविषयी, म्हणजे जखम चाटता येऊ नये म्हणून मानेभोवती घालतात त्या शंकूसारख्या कॉलरविषयी, कारण सर्वाधिक भांडणे त्यावरून होतात. घरात एक तरी माणूस असा असतो, ज्याला तो कोन पाहवत नाही आणि जो "जेवण्यापुरता काढू या" म्हणून तो काढतो. त्या व्यक्तीच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण कुत्रीला टाके चावून काढायला फार थोडा वेळ लागतो आणि चाटण्याने ओली राहिलेली जखम लवकर चिघळते. कोनाची कड तिच्या नाकाच्या थोडी पुढे यायला हवी. आखूड कोनाचा उपयोग नाही. जेवणाचे भांडे पाटावर किंवा लहान स्टुलावर ठेवले की तिला कोनासह खाता येते. दारांच्या चौकटींना ती धडकते, म्हणून वाटेतल्या खुर्च्या आणि कुंड्या हलवाव्यात, आणि कोनाच्या काठाने मान घासते आहे का ते रोज पाहावे. काही जण जुन्या टी-शर्टचा अंगरखा शिवतात. शांत स्वभावाच्या कुत्रीला तो अधिक सुखाचा होतो, पण कापड ओले दिसले तर ती त्यावरून चाटते आहे हे ओळखून पुन्हा कोनाकडे वळावे.

माझ्या मते खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या दिवशी लागते. तिची भूक परतते, डोळ्यांत चमक येते, आणि ती दाराशी पट्टा घेऊन उभी राहते. वरची त्वचा आठवड्याभरात जुळल्यासारखी दिसते, पण पोटाचा सगळा भार पेलणाऱ्या आतल्या थराला पुरेशी ताकद यायला काही आठवडे लागतात. सोफ्यावरची एक उडी किंवा गल्लीतल्या मांजरामागची एक धाव आतले टाके उसवू शकते, आणि मग त्वचेखाली मऊ फुगवटा येतो, ज्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. त्यामुळे टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, फक्त लघवी-शौचापुरते, आखूड पट्ट्यावर, सावकाश बाहेर नेणे हेच योग्य. सिडकोतल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत जिन्याचा प्रश्न येतो. तेथे एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या मांड्यांभोवती घेऊन तिला उचलावे, पोटाखाली हात घालू नये. गोदाकाठची सकाळची फेरी तेवढे दिवस बंद राहिली तर बिघडत नाही. तिचे मन मात्र रिकामे ठेवू नये. गुंडाळलेल्या टॉवेलात खाऊचे दाणे दडवून दिले की नाकाने शोधण्यात ती रमते आणि थकतेही.

जखम दिवसातून दोनदा, चांगल्या उजेडात, हात न लावता पाहावी. रोज मोबाइलवर फोटो काढला तर तुलना करता येते. कडांना किंचित लाली आणि थोडी सूज अपेक्षित असते. पू, दुर्गंधी, वाढणारी सूज, ठिबकणारे रक्त किंवा उघडलेली कड दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, खोबरेल तेल आणि घरातली मलमे लावू नयेत. ती घाण धरून ठेवतात आणि तिला चाटायला प्रवृत्त करतात. पावसाळ्यात जखमेवर माश्या बसू देऊ नयेत, अळ्या पडायला वेळ लागत नाही. टाके निघेपर्यंत आंघोळ नाही.

एक गोष्ट आधीच शिकून ठेवावी. निरोगी हिरडी गुलाबी असते, आणि बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परततो. शस्त्रक्रियेनंतर हिरड्या पांढुरक्या दिसल्या, पोट फुगत गेले, पाय गार पडले किंवा ती उठेनाशी झाली, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नये. म्हणूनच रात्री कोणाला फोन करायचा हे शस्त्रक्रियेपूर्वी ठरलेले असावे. शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणीचा आग्रहही धरावा. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप सर्रास आढळतो, त्यात प्लेटलेट्स घटतात, आणि वरून धडधाकट दिसणारी कुत्रीही टेबलावर जास्त रक्त गमावू शकते. माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबण्याचा सल्लाही सकारण असतो, कारण माजाच्या काळात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि लगेच नंतर शस्त्रक्रिया केली तर खोट्या गर्भारपणाची लक्षणे उद्भवू शकतात.

गल्लीतल्या कुत्रीची नसबंदी हौसेने स्वखर्चाने करून घेणाऱ्यांचे मला मनापासून कौतुक आहे, पण त्यांनी आधी जागेचा विचार करावा. पार्किंगमधला बंद कोपरा, कोणाची रिकामी खोली, काहीही चालेल, पण ताज्या टाक्यांसह तिला रस्त्यावर सोडणे हा तिच्यावर अन्याय आहे. तेवढी सोय होत नसेल तर शस्त्रक्रिया थोडी पुढे ढकलावी.

टाके निघाल्यावर फेऱ्या एकदम पूर्ववत न करता आठवड्याभरात हळूहळू वाढवाव्यात. नसबंदीनंतर शरीराची ऊर्जेची गरज कमी होते आणि भूक वाढते, त्यामुळे टाके काढायला जाल तेव्हाच तिचे वजन नोंदवून जेवण किती कमी करायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, आणि पुढचे काही महिने दर महिन्याला तिचे वजन करावे.