गोठा राहू द्या, गाय बदला

पशुपालनात नाव काढायचं असेल, तर आधी एक गोष्ट मनावर ठसवून घ्या: चूक नेहमी जनावराची असते. गोठा, गर्दी, कोंदट हवा, भाव आणि नफा ही सगळी देवाघरून आलेली व्यवस्था आहे, तिला हात लावायचा नसतो. हात लावायचा तो जनावराच्या जनुकांना. ‘रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला’ म्हणत आपले पूर्वज हसायचे. तुम्ही ती म्हण फिरवून दाखवा. पखाल गळतेय ना? मग टोचा म्हशीला.

डुकरांपासून सुरुवात करा. पीआरआरएस या डुकरांच्या रोगाचा विषाणू बंदिस्त शेडमध्ये एकदा शिरला की पिल्लं धापा टाकत मरतात आणि गाभण माद्या गाभडतात. हजारो जनावरं अंगाला अंग लावून उभी असली की त्याला शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला कितीसा वेळ लागणार? पेशीत शिरायला त्याला सीडी१६३ नावाचं प्रथिन लागतं. ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचा तुकडा क्रिस्पर नावाच्या जनुकं कापणाऱ्या कात्रीनं छाटला की विषाणू बाहेरच ताटकळतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं एप्रिल २०२५मध्ये अशा डुकरांना मान्यताही दिली. काम चोख आहे, हे मलाही कबूल करावं लागतं. डुक्कर आजारी न पडणं वाईट कसं म्हणणार? तुम्ही मात्र त्यातून योग्य तो बोध घ्या आणि लगेच टेप काढून मोजा, तेवढ्याच जागेत आता आणखी किती मावतील.

उन्हाळे कडक होताहेत? सावली, पंखे, पाणी ही जुन्या लोकांची कामं. तुम्ही गाईचे केस आखूड करा. जनुकात तसा बदल केलेल्या आखूड केसांच्या जनावरांना याच प्रशासनानं मार्च २०२२मध्ये ‘जोखीम कमी’ म्हणत मोकळीक दिली. शिवाय ढेकरांतून मिथेन सोडून हवा तापवण्यात गाईचाही वाटा आहेच. तिचीच हजामत झाली तर त्यात अन्याय कसला!

शिंगांचं प्रकरण मात्र बैजवार ऐका, या धंद्याची सगळी कला त्यात आहे. दुभत्या जातीच्या वासराची शिंगं वर येण्याआधीच त्यांच्या कोंबांवर तापलेलं लोखंड टेकवतात. केस जळाल्याचा वास सुटतो, वासरू मागचे पाय झाडतं, आणि प्रत्येक वेळी भूल दिलेली असतेच असं नाही. कारण काय, तर दाटीवाटीत मोठी झालेली जनावरं एकमेकांना आणि माणसांना भोसकतात. आता ‘दाटीच कमी केली तर...’ असलं वाक्य तोंडात येईल, ते गिळून टाका. रिकॉम्बिनेटिक्स या कंपनीनं बघा कसा मार्ग काढला. बिनशिंगी जनावरांमधला जनुकाचा प्रकार दुभत्या जातीच्या पेशीत बसवला, त्या पेशीपासून क्लोन केला आणि बुरी नावाचा वळू जन्माला घातला. २०१६मध्ये शोधनिबंध आला. काम नेमकं, भलतीकडे कुठेही कात्री लागलेली नाही, अशी ग्वाही मिळाली.

२०१९मध्ये सरकारी तज्ज्ञांनी बुरीचा जनुकीय आराखडा पुन्हा चाळला. बदल केला होता नेमक्या त्याच जागी जिवाणूचा प्लाझमिड ऐसपैस बसलेला सापडला, आणि सोबत प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं. प्लाझमिड म्हणजे नवं जनुक पेशीत नेऊन सोडणारी गाडी. इथे पाहुण्यांना उतरवून माघारी फिरण्याऐवजी गाडीच माजघरात घुसली. बुरीच्या सहा वासरांपैकी चौघांच्या वाट्याला हा वारसा आला. कंपनीचा खुलासा साधारण असा होता, की असं काही असेल ही अपेक्षाच नव्हती, म्हणून ते शोधलं नाही. हा खुलासा चौकट करून प्रयोगशाळेच्या दारावर टांगा. नको ते शोधायचंच नाही, म्हणजे नको ते सापडत नाही, आणि अहवालात ‘आढळले नाही’ असं खरं खरं लिहिता येतं.

बोलताना दोन्ही डगरींवर पाय ठेवायला शिका. ग्राहकाला सांगा, हे निसर्गातही घडतंच, आम्ही फक्त थोडी घाई केली. पेटंटच्या कचेरीत सांगा, असं जगात कधी नव्हतं, आमच्याच डोक्यातून निघालं. ही दोन माणसं सहसा एकमेकांना भेटत नाहीत.

विषाणूवर मात्र विसंबू नका, त्याला शिस्त नाही. २०२३मध्ये एडिंबरोच्या रॉसलिन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुक बदललेल्या कोंबड्यांवर बर्ड फ्लूचा प्रयोग केला. विषाणूच्या साध्या मात्रेत १०पैकी ९ कोंबड्या ठणठणीत राहिल्या. मात्रा हजारपट केली तेव्हा निम्म्यांना लागण झाली, आणि विषाणूनं स्वतःच्या जनुकांत बदल करून घेतले, तेही फुकटात आणि कुणाची परवानगी न घेता. संशोधकांनी हे सगळं स्वतःहून छापलं. असला प्रामाणिकपणा तुम्हाला परवडायचा नाही. तुम्ही फक्त पहिला आकडा पाठ करा.

राहिलं वैद्यकशास्त्र. जानेवारी २०२२मध्ये बाल्टिमोरला दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराचं हृदय माणसाला बसवलं. रुग्ण दोन महिने जगला. पुढे त्या हृदयात डुकराचा विषाणू निघाला, आधीच्या चाचण्यांतून निसटलेला. मार्च २०२४मध्ये बॉस्टनला माणसाला बसवलेल्या डुकराच्या मूत्रपिंडासाठी ६९ बदल केले होते. त्यांतले ५९ होते डुकराच्या जनुकांत पिढ्यानपिढ्या मुक्काम ठोकून बसलेल्या विषाणूंना निकामी करण्यासाठी. इथे माझी जीभ अडखळते. डायलिसिसची नळी लावून मूत्रपिंडाची वाट बघणाऱ्यापुढे गोठ्याचं तत्त्वज्ञान झाडण्याची माझी प्राज्ञा नाही.

तुमची मात्र हीच संधी आहे. शेडमधल्या गर्दीबद्दल कुणी विचारलं, की त्या रुग्णाचा फोटो पुढे करा. शिंगांबद्दल विचारलं, तरी तोच फोटो. एवढ्यानं भागलं नाही, तर आवाज चढवून विचारा, “म्हणजे तुम्हाला माणसं मेलेली चालतील?” समोरचा ओशाळून माफी मागू लागेल. तेवढ्यात पुढच्या शेडचा नकाशा मंजूर करून घ्या.