उचला म्हणणाऱ्याची सही

नवी गाडी घ्यायची तर ती उभी करायला जागा आहे हे आधी दाखवा, असा प्रस्ताव परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये मांडला आणि आमच्या पुण्याच्या सोसायटीत पार्किंगचं जुनं भांडण नव्यानं पेटलं. फ्लॅट अजून आमच्या नावावर असल्यामुळे, अमेरिकेत राहत असलो तरी, मलाही साक्षीला ओढलं जातं. कमिटीतल्या काकांचा फोन ठरलेला: "तुमच्याकडे कसं, दुसऱ्याच्या जागेत गाडी लावली की सरळ उचलतात. इथेही तेच हवं."

उचलतात, हे खरं. मी राहतो त्या कॅलिफोर्नियातल्या अपार्टमेंटच्या आवारातून, आमच्याकडे आलेल्या मित्राची गाडी रात्रीत नाहीशी झाली होती. पाहुण्यांच्या जागेतच लावली होती, परवान्याचं कार्डही होतं, फक्त ते आरशावरून घसरून सीटखाली गेलं होतं. सकाळी त्या जागी तेलाचा एक डाग तेवढा उरलेला. चोरी झाली असं समजून पोलिसांना फोन केला, तर पलीकडच्या बाईंनी नंबर विचारला आणि गाडी कुठल्या यार्डात आहे तेच सांगितलं. टोइंगवाल्याला उचलल्याची खबर पोलिसांना द्यावी लागते, म्हणून हे निदान लगेच कळतं.

यार्ड म्हणजे शहराबाहेर पत्र्याचं कुंपण, आत कुत्रा आणि जाड काचेमागे बसलेला एक वैतागलेला माणूस. काच कशासाठी असते ते रांगेत उभं राहिलं की समजतं. टोइंगचे पैसे वेगळे, गाडी ठेवल्याचं भाडं वेगळं, आणि उशीर कराल तसं ते भाडं चढतं. तिथे तावातावानं वाद घालून काही हाती लागत नाही. मागायचा तो एक कागद.

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं कलम २२६५८ हेच सांगतं. खाजगी आवारातून गाडी उचलायची तर मालकाची किंवा त्याच्या माणसाची लेखी परवानगी हवी, आणि त्या माणसानं तेव्हा जागेवर हजर राहून चूक खरंच झाली आहे का ते बघायला हवं. आगीच्या बंबाची वाट अडवली, येण्याजाण्याचा रस्ता बंद केला, अशा मोजक्या बाबींनाच सूट. कागदावर त्याचं नाव, हुद्दा, सही, कारण आणि वेळ. त्याची प्रत गाडीमालकाला पैसे भरण्याआधी द्यावी लागते. गाडी आवारातून बाहेर पडायच्या आत तुम्ही धावत पोचलात तर ती सोडावीच लागते, तीही फार तर निम्म्या दरात. आणि "उचला" म्हणणाऱ्यानं टोइंगवाल्याकडून कमिशन घेणं बेकायदा आहे.

मित्राच्या कागदावर मध्यरात्रीनंतरची वेळ होती आणि सही होती अपार्टमेंटच्या ऑफिसातल्या बाईंची. त्यांचं ऑफिस संध्याकाळीच बंद होतं. परवानगीशिवाय उचललेल्या गाडीबद्दल मालकाला खर्चाच्या चौपट रक्कम मागता येते, एवढं लिहून आणि छोट्या दाव्यांच्या कोर्टाचा उल्लेख करून त्यानं पत्र पाठवलं. पैसे परत आले. म्हणजे फसवाफसवी तिकडेही आहेच. गाडीमागे पैसे मिळणार असतील तर रात्री गाड्या हुडकत फिरणारे लोक तयार होणारच. फक्त त्यांना धरायला कागद असतो.

काकांना हवी आहे ती फक्त क्रेन. पण ती आणणार कुठल्या कायद्यानं? मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १२७ सार्वजनिक जागेबद्दल बोलतं. सोसायटीच्या आवाराचं नाव काढलं की पोलीस "तुमचं तुम्ही बघा" म्हणतात. मग उरतो चाकाला लावायचा जॅमर. आधीच आमच्याकडे कुठली जागा कुणाची हेच धड ठरलेलं नाही. मोकळं आणि स्टिल्टचं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं नहालचंद प्रकरणात २०१० मध्येच सांगितलं. तरी "मी पैसे मोजलेत" हे वाक्य प्रत्येक जनरल बॉडीत ऐकू येतं. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या टाका, हे सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींत लिहिलेलं आहे. चिठ्ठीचं नाव काढा, अर्धी सभा उठून जाते.

आणि हिशेब न देणारं टोइंग कसं दिसतं ते आपण रस्त्यावर बघितलं आहे. २०१७ मध्ये मालाडला बाळाला दूध पाजणारी आई आत बसलेली असताना ट्रॅफिक पोलिसानं गाडी ओढून नेली. त्या पोलिसाला निलंबित केलं तेही व्हिडिओ पसरल्यावर. भर रस्त्यात, वर्दीतल्या माणसासमोर हे होत असेल तर गेटच्या आत, रात्री, एखाद्या कंत्राटदाराच्या हाती काय होईल?

माझा टोइंगला विरोध नाही. दुसऱ्याच्या जागेत महिनोन् महिने धूळ खात पडलेली गाडी उचललीच पाहिजे. पण उचलायला सांगणाऱ्याचं नाव कागदावर हवं, दर गेटवर लिहिलेला हवा आणि चुकून उचलली तर भरपाई कोण देणार हे आधी ठरायला हवं. आमच्या बिल्डिंगमध्ये अडतं ते पहिल्याच अटीवर. ज्याची गाडी उचलायची तो रोज लिफ्टमध्ये भेटतो, त्याच्या मुलीच्या लग्नाला आपण जेवून आलेलो असतो. मी काकांना विचारलं, सही तुम्ही कराल का?

"मी कशाला? वॉचमन करेल की."